संगणक बंद पडला. गाणी आयपॉडमध्ये अडकली!

नाशिक, प्रतिनिधी

संगणक बंद पडला की घरातील कागदपत्रे, छायाचित्रे आणि गाणी अशा तिन्ही गोष्टी एकाच क्षणी हातच्या जातात. त्यातील गाण्यांची एक प्रत मात्र अनेकदा दुसरीकडे शिल्लक असते. ती असते खिशात मावणाऱ्या प्लेअरमध्ये. परदेशातील नातेवाइकांनी भेट म्हणून आणलेला किंवा पहिल्या पगारातून घेतलेला आयपॉड अनेक घरांच्या कपाटात आजही जपून ठेवलेला असतो. त्याची विक्री थांबली, त्याच्या जागी मोबाईल आला, तरी त्यात भरलेली गाणी तशीच असतात. अडचण पुढेच सुरू होते. हा आयपॉड नव्या संगणकाला जोडला, तर त्यातील गाणी संगणकात उतरण्याऐवजी आयपॉडमधूनच पुसली जाण्याचा धोका असतो. असे का घडते आणि ते कसे टाळावे, हे समजून घेतले, तर गेलेला वाटणारा संग्रह बहुतांशी परत मिळविता येतो.

यात एवढे गमावण्यासारखे काय आहे, असा प्रश्न कोणी विचारील. चित्रपटांतील गाणी आज मोबाईलवर हवी तेव्हा ऐकता येतात आणि लोकप्रिय भावगीते, नाट्यगीते इंटरनेटवर सापडतात. परंतु प्रत्येक घरच्या संग्रहात अशा काही गोष्टी असतात, ज्या कोणत्याही कंपनीने विकलेल्या नाहीत. आजीने जात्यावर म्हटलेल्या ओव्या, गल्लीतील भजनी मंडळाचा काकडा, गुरुजींनी शिकवणीत सांगितलेली बंदिश, आज हयात नसलेल्या वडिलांच्या आवाजातील रामरक्षा. २००० नंतरच्या दशकात अनेकांनी अशा कॅसेट संगणकाला जोडून त्यांच्या डिजिटल फाईली तयार केल्या. साठ मिनिटांची कॅसेट संगणकात उतरवायला साठ मिनिटेच लागतात. म्हणजे पन्नास कॅसेट उतरविणाऱ्याने पन्नास तास त्यासाठी दिलेले असतात. त्यानंतर कॅसेटला बुरशी लागली किंवा ती रद्दीत गेली आणि पुढे संगणकही बंद पडला, तर आयपॉडमधील प्रत हीच त्या आवाजाची एकमेव प्रत उरते.

हेमा राईरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आणि त्यांतील अनेक ओव्यांचे ध्वनिमुद्रणही झाले. 'पारी' या संकेतस्थळामुळे तो ठेवा आता सर्वांसाठी खुला आहे. परंतु इतक्या मोठ्या संग्रहातही आपल्या घरातील आजीचा आवाज असेलच असे नाही. तो जपणे ज्याच्या त्याच्याच हाती असते.

एकाच दिशेचा रस्ता

अ‍ॅपल कंपनीने पहिला आयपॉड ऑक्टोबर २००१ मध्ये सादर केला. पाच जीबी क्षमतेच्या या यंत्रात एक हजार गाणी मावतात, हा त्याच्या जाहिरातीचा गाभा होता. सुरुवातीला तो केवळ मॅकिन्टॉश संगणकावर चालत असे. विंडोजसाठीचा आयपॉड २००२ मध्ये आला आणि आयट्यून्स हे सॉफ्टवेअर विंडोजवर ऑक्टोबर २००३ मध्ये उपलब्ध झाले. त्यानंतरच भारतातील सर्वसामान्य संगणकधारकाला आयपॉड वापरणे सोयीचे झाले.

तो काळ गाण्यांच्या कंपन्यांसाठी धास्तीचा होता. इंटरनेटवरून गाण्यांची फुकट देवाणघेवाण घडवून आणणारी नॅपस्टर ही सेवा न्यायालयीन लढाईनंतर जुलै २००१ मध्ये बंद पडली होती. अशा वेळी एका संगणकातून हजार गाणी घेऊन ती दुसऱ्या संगणकात ओतणारे यंत्र बाजारात आणणे, म्हणजे कंपन्यांचा रोष ओढवून घेणे होते. पहिल्या आयपॉडच्या वेष्टनावरही संगीताची चोरी करू नका, अशी सूचना छापलेली होती. यंत्राची रचनाही त्याच धोरणाने झाली. आयट्यून्स संगणकातील गाणी आयपॉडमध्ये भरते; आयपॉडमधील गाणी संगणकात परत आणण्याची सोय त्यात ठेवलेलीच नाही. २००६ मध्ये आलेल्या आयट्यून्सच्या सातव्या आवृत्तीत थोडी सवलत मिळाली, तीही अ‍ॅपलच्या दुकानातून विकत घेतलेल्या गाण्यांपुरतीच.

या व्यवहाराला 'सिंक' म्हणतात. सिंक करणे म्हणजे संगणकातील संग्रह आणि आयपॉडमधील संग्रह एकसारखा करणे. त्यात संगणकातील संग्रह मूळ मानला जातो आणि आयपॉडमधील संग्रह त्याची नक्कल. संगणकातून एखादे गाणे काढले, तर पुढच्या सिंकमध्ये ते आयपॉडमधूनही जाते. एरवी ही सोयच असते. मात्र संगणक बदलला की तीच घातक ठरते. नव्या संगणकातील आयट्यून्समध्ये एकही गाणे नसते. त्या रिकाम्या संग्रहाशी आयपॉड जुळवायचा, तर आयपॉडही रिकामाच करावा लागेल, असा सरळ हिशेब सॉफ्टवेअर करते. घरातील मूळ संग्रह नष्ट झाला असून आता ही नक्कल हीच मूळ प्रत आहे, हे त्याला समजण्याचा कोणताही मार्ग नसतो. ते वापरणाऱ्यालाच ध्यानात ठेवावे लागते.

पहिली जोडणी सर्वांत धोक्याची

म्हणूनच संगणक गेल्यानंतर आयपॉड पहिल्यांदा दुसऱ्या संगणकाला जोडण्याचा क्षण सर्वांत जोखमीचा असतो. या वेळी तीन ठिकाणी फसगत होते.

पहिली फसगत आयट्यून्सच्या प्रश्नामुळे होते. हा आयपॉड दुसऱ्या संग्रहाशी जोडलेला आहे, तो पुसून या संग्रहाशी जुळवायचा का, अशा अर्थाची चौकट पडद्यावर येते. त्यात 'इरेझ अँड सिंक' हे बटन असते. घाईत अनेक जण 'सिंक' एवढाच शब्द वाचतात आणि बटन दाबतात. येथे 'कॅन्सल' हेच उत्तर योग्य होय.

दुसरी फसगत त्याच चौकटीतील 'ट्रान्स्फर पर्चेसेस' या पर्यायामुळे होते. हा पर्याय निवडल्यावर सारी गाणी संगणकात आली, असे वाटते. प्रत्यक्षात त्यातून केवळ अ‍ॅपलच्या दुकानातून घेतलेली गाणी येतात. ते दुकान भारतात डिसेंबर २०१२ मध्ये सुरू झाले. त्यापूर्वीच्या येथील संग्रहांत सीडीवरून, कॅसेटवरून किंवा एमपीथ्री सीडीवरून घेतलेली गाणीच अधिक असतात. त्यातील एकही गाणे या मार्गाने येत नाही.

तिसरी फसगत विंडोजकडून होते. मॅकिन्टॉश संगणकावर तयार केलेल्या आयपॉडच्या डिस्कची मांडणी विंडोजला वाचता येत नाही. विंडोजवर तयार केलेला आयपॉड एफएटी-३२ या पद्धतीचा, तर मॅकवरचा एचएफएस प्लस या पद्धतीचा असतो. न समजणारी डिस्क दिसली की विंडोज ती 'फॉरमॅट' करण्याचे सुचविते. अमेरिकेतून वापरून आलेल्या आयपॉडच्या बाबतीत हे विशेष संभवते. त्या सूचनेला होकार दिला, तर सर्व गाणी जातात.

या तिन्हींतून सुटण्याचा सोपा उपाय म्हणजे ज्या संगणकात आयट्यून्स नाही, अशाच संगणकाला आयपॉड जोडणे. आयट्यून्स असलेला संगणकच वापरणे भाग असेल, तर विंडोजमध्ये शिफ्ट आणि कंट्रोल, तर मॅकवर कमांड आणि ऑप्शन या दोन कळा दाबून ठेवून आयपॉड जोडावा आणि पडद्यावर त्याचे नाव उमटेपर्यंत त्या सोडू नयेत. त्यामुळे आपोआप होणारा सिंक टळतो. त्यानंतर आयपॉडच्या पानावर गाणी स्वतः हाताळण्याचा आणि आयपॉड डिस्कप्रमाणे वापरण्याचा असे दोन्ही पर्याय निवडावेत. मॅकवर २०१९ पासून आयट्यून्स नाही; त्याचे काम फाईंडर करतो. खबरदारी मात्र तीच.

आधी संगणक तपासा

आयपॉडला हात लावण्यापूर्वी बंद पडलेल्या संगणकाचे नेमके काय बिघडले, हेही पाहणे शहाणपणाचे असते. संगणक सुरू होत नाही, याचा अर्थ हार्ड डिस्क गेली असा होत नाही. अनेकदा वीजपुरवठा करणारा एसएमपीएस किंवा मदरबोर्ड बिघडलेला असतो. कधी केवळ विंडोज खराब झालेली असते. महाराष्ट्रातील भारनियमनाच्या वर्षांत नाशिककरांनी याचा भरपूर अनुभव घेतला. काम चालू असताना अचानक वीज गेली की डिस्कवर लिहिली जात असलेली माहिती अर्धवट राहते आणि विंडोज पुन्हा उघडत नाही. मात्र गाण्यांच्या फाईली तेथेच सुरक्षित असतात.

अशा वेळी हार्ड डिस्क काढून ती यूएसबीच्या केसिंगमध्ये बसवावी आणि दुसऱ्या संगणकाला जोडावी. मूळ संग्रह तसाच्या तसा मिळाला, तर आयपॉडमधून गाणी उपसण्याचा खटाटोपच उरत नाही. महात्मा गांधी रस्ता असो की कॉलेज रोड, दुरुस्तीच्या दुकानात संगणक देताना एक गोष्ट स्पष्ट सांगणे आवश्यक असते. 'फॉरमॅट मारावा लागेल' हे वाक्य तेथे सहज ऐकायला मिळते. कारागिराच्या दृष्टीने तो सर्वांत जलद उपाय असतो. परंतु आतील फाईलींची प्रत काढल्याशिवाय फॉरमॅट करू नये, हे ग्राहकाने आधीच बजावले पाहिजे आणि शक्य तर पावतीवर लिहून घेतले पाहिजे. डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल, तर ती वारंवार चालू करून पाहू नये. प्रत्येक प्रयत्नाबरोबर आतील पत्र्यांची हानी वाढत जाते.

गाणी असतात कुठे?

हार्ड डिस्क खरोखरच गेली असेल, तर आयपॉडकडे वळावे लागते. आयपॉड म्हणजे मुळात एक छोटी हार्ड डिस्क अथवा पेनड्राईव्हसारखी स्मृती आणि तिला जोडलेला गाणी वाजविणारा भाग. मूळ आयपॉडपासून क्लासिकपर्यंतच्या मोठ्या प्रतिमानांत फिरती डिस्क आहे; नॅनो आणि शफल या प्रतिमानांत फिरणारा भाग नाही. ही सर्व यंत्रे संगणकाला बाहेरील डिस्क म्हणून दिसू शकतात. चक्राकार कळ असलेला आयपॉड दिसत नसेल, तर त्याला 'डिस्क मोड'मध्ये आणता येते. त्यासाठी मेन्यू आणि मधली कळ एकत्र दाबून ठेवावी. अ‍ॅपलचे चिन्ह उमटताच ती सोडून मधली कळ आणि प्लेची कळ एकत्र दाबून ठेवावी.

डिस्क उघडल्यावर मात्र तेथे गाणी दिसत नाहीत. ती ज्या फोल्डरमध्ये असतात, तो 'हिडन' म्हणजे लपविलेला असतो. विंडोजमध्ये फोल्डरच्या 'व्ह्यू' या भागात जाऊन लपविलेल्या गोष्टी दाखविण्याचा पर्याय निवडला की 'आयपॉड कंट्रोल' या नावाचा फोल्डर प्रकट होतो. मॅकवर हेच काम कमांड, शिफ्ट आणि पूर्णविराम या तीन कळा एकत्र दाबून होते. त्या फोल्डरच्या आत 'म्युझिक' आणि त्याच्या आत एफ शून्य शून्य, एफ शून्य एक अशा क्रमाने अनेक फोल्डर असतात. सारी गाणी त्यांतच विखुरलेली असतात.

येथे सर्वांत महत्त्वाची सूचना अशी, की केवळ 'म्युझिक' नव्हे, तर संपूर्ण 'आयपॉड कंट्रोल' फोल्डर संगणकात उतरवून घ्यावा. उतरविताना 'कट' न वापरता 'कॉपी'च वापरावे. आयपॉडमध्ये तीस जीबी गाणी असतील, तर या कामास तास-दीड तास सहज लागू शकतो. जुन्या आयपॉडची बॅटरी क्षीण झालेली असते. त्यामुळे आधी तो पूर्ण चार्ज करावा. बॅटरी फुगून आयपॉडचे कवच उचललेले दिसत असेल, तर मात्र तो चार्ज न करता जाणकाराकडे न्यावा. एखाद्या फाईलपाशी काम अडले, तर तेवढी फाईल वगळून पुढे जावे आणि एकेक फोल्डर स्वतंत्रपणे उतरवावा. फिरत्या डिस्कचा आयपॉड जुना असेल, तर ती कधी साथ सोडेल याचा भरवसा नसतो. काम झाल्यावर आयपॉडच्या 'सेटिंग्ज'मधील 'अबाउट' या पानावर दिसणारी गाण्यांची संख्या आणि उतरलेल्या फाईलींची संख्या ताडून पाहावी. दोन्ही जुळल्याखेरीज आयपॉडमधील काहीही पुसू नये.

नावांचे कोडे

फाईली मिळाल्या तरी अनेकांचा पहिल्या क्षणी हिरमोड होतो. कारण त्यांची नावे चार रोमन अक्षरांची आणि निरर्थक असतात. भीमसेन जोशींचा अभंग कोणता आणि पोवाडा कोणता, हे नावावरून कळत नाही. यंत्राला गाणी भराभर शोधता यावीत, यासाठी आयट्यून्स ती भरतानाच अशी नावे देते. मात्र गाण्याचे खरे नाव नाहीसे झालेले नसते. एमपीथ्री फाईलच्या पोटातच 'टॅग' नावाचा छोटा भाग असतो. त्यात शीर्षक, गायक, संग्रहाचे नाव आदी तपशील नोंदलेले असतात. या फाईली आयट्यून्समध्ये किंवा टॅग वाचणाऱ्या कोणत्याही प्लेअरमध्ये घातल्या की खरी नावे दिसू लागतात. आयट्यून्समध्ये संग्रह नीट लावून ठेवण्याचा पर्याय निवडल्यास ते गायकानुसार फोल्डर करून फाईलींना शीर्षकाचे नावही देते. 'एमपीथ्रीटॅग' या सॉफ्टवेअरनेही टॅगमधील तपशील वापरून शेकडो फाईलींची नावे एकाच वेळी बदलता येतात.

मराठी गाण्यांच्या बाबतीत एक अधिकची अडचण येते. टॅगची सर्वांत जुनी पद्धत फाईलच्या शेवटच्या १२८ बाइटमध्ये सामावलेली होती. तीत शीर्षकाला केवळ ३० अक्षरांची जागा होती आणि देवनागरीची सोय नव्हती. पुढच्या पद्धतीत युनिकोड आले. परंतु युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलिखित केलेली नावे आज अगम्य रोमन अक्षरांची माळ होऊन दिसतात. अशी गाणी ऐकूनच ओळखावी लागतात. प्रकाशित गाण्यांसाठी 'म्युझिकब्रेन्झ पिकार्ड'सारखे सॉफ्टवेअर आवाजाच्या ठशावरून नाव सुचवू शकते. घरच्या ध्वनिमुद्रणाला हा उपाय नाही.

घरच्या ध्वनिमुद्रणांचा प्रश्न आणखी एका कारणाने नाजूक असतो. कॅसेट उतरविताना अनेकांनी ती 'वेव्ह' स्वरूपात साठविली. सीडीच्या दर्जाच्या अशा फाईलीस मिनिटाला सुमारे दहा एमबी जागा लागते. १२८ केबीपीएस दर्जाच्या एमपीथ्रीस मिनिटाला सुमारे एक एमबी पुरते. वेव्ह फाईलीत आवाज उत्तम राहतो. पण आयट्यून्स तिच्यात टॅग लिहीत नाही. तिचे नाव केवळ आयट्यून्सच्या नोंदवहीत आणि आयपॉडमधील 'आयट्यून्सडीबी' या फाईलीत असते. एखाद्याने फक्त 'म्युझिक' फोल्डर उतरवून आयपॉड पुसला, तर आजीच्या ओव्या मिळतात, पण त्या कोणत्या, कधीच्या, हे सांगणारी नोंद जाते. संपूर्ण 'आयपॉड कंट्रोल' फोल्डर घेण्याचे कारण हेच. गाण्यांच्या याद्या, दिलेले तारे, कोणते गाणे किती वेळा ऐकले याची मोजणी, हे सारेही त्याच नोंदवहीत असते.

ही नोंदवही वाचणारी सॉफ्टवेअर २००० नंतरच्या दशकात अनेकांनी तयार केली. मॅकवरील एकाचे नाव 'सेनुटी' होते. आयट्यून्सची रोमन अक्षरे उलट्या क्रमाने लिहिली की हे नाव तयार होते आणि त्याचे कामही तसेच उलट्या दिशेचे होते. लिनक्सवरील 'रिदमबॉक्स' हे मोफत सॉफ्टवेअरही आयपॉडमधील गाणी मूळ नावांनिशी दाखविते. पेनड्राईव्हवरून लिनक्स सुरू करण्याची सोय असल्याने हार्ड डिस्क गेलेल्या त्याच संगणकावरही हे काम करता येते. लिनक्सला विंडोज आणि मॅक या दोन्ही पद्धतींच्या आयपॉडची डिस्क वाचता येते, हा त्याचा आणखी एक लाभ.

कुलूपबंद गाणी आणि अन्य प्लेअर

अ‍ॅपलच्या दुकानातील गाण्यांवर पूर्वी 'फेअरप्ले' हे डिजिटल कुलूप असे. अशा फाईलीच्या नावाअखेर 'एमफोरपी' ही अक्षरे असतात. ती गाणी ज्या खात्यावर घेतली, त्या खात्याची परवानगी असलेल्या संगणकावरच वाजतात आणि अशी परवानगी एका वेळी पाच संगणकांना देता येते. हे कुलूप काढण्याची घोषणा अ‍ॅपलने जानेवारी २००९ मध्ये केली. त्यामुळे भारतातील दुकानातून घेतलेल्या गाण्यांना ते नाही. परदेशातील नातेवाइकांकडून आलेल्या जुन्या आयपॉडमध्ये मात्र अशी गाणी आढळू शकतात. स्वतःच्या संग्रहाची खासगी वापरासाठी प्रत करणे आणि ती इतरांना वाटणे किंवा विकणे, यांतील फरकही ध्यानात ठेवावा. २०१२ मधील दुरुस्तीनंतर भारतीय कॉपीराईट कायद्यातील खासगी व व्यक्तिगत उपयोगासाठीच्या रास्त वापराची तरतूद व्यापक झाली आहे. वाटप किंवा विक्री तिच्यात बसत नाही.

आयपॉड टच आणि आयफोन यांची रचना वेगळी आहे. ते डिस्क म्हणून उघडत नाहीत आणि त्यांतील गाण्यांचा फोल्डर संगणकावर दिसत नाही. त्यासाठी विशेष सॉफ्टवेअर लागते. याउलट पेनड्राईव्हच्या आकाराचे साधे एमपीथ्री प्लेअर जोडताच गाण्यांच्या फाईली मूळ नावांनिशी समोर येतात. सोनीच्या काही जुन्या नेटवर्क वॉकमनमध्ये सोनिकस्टेज या सॉफ्टवेअरने भरलेली गाणी सांकेतिक रूपात साठविलेली असतात. ती फाईल म्हणून उतरविली, तरी दुसरीकडे वाजत नाहीत. तेथे शेवटचा मार्ग उरतो तो हेडफोनच्या जागी तार जोडून आवाज संगणकात पुन्हा ध्वनिमुद्रित करण्याचा. त्यास वेळ लागतो. परंतु घरच्या मौल्यवान ध्वनिमुद्रणापुरता तो पत्करण्यासारखा आहे. सांकेतिक कुलूप कितीही पक्के असले, तरी कानापर्यंत पोचणारा आवाज ते अडवू शकत नाही.

पुसले गेलेच तर

'इरेझ'चे बटन चुकून दाबले गेले, तरी लगेच आशा सोडण्याचे कारण नाही. डिस्कवरील फाईल पुसणे म्हणजे बहुधा तिची नोंद काढणे असते; त्या जागेवर नवे काही लिहिले जाईपर्यंत जुना मजकूर तेथेच राहतो. अशा वेळी आयपॉड ताबडतोब सुरक्षितपणे काढून बाजूला ठेवावा आणि त्यात एकही नवे गाणे भरू नये. 'फोटोरेक' हे मोफत सॉफ्टवेअर नावाप्रमाणे केवळ छायाचित्रेच नव्हे, तर एमपीथ्री आणि वेव्ह फाईलीही त्यांच्या आतील खुणांवरून शोधून काढते. शोधलेल्या फाईली आयपॉडवर न ठेवता संगणकावरच साठवाव्यात. येथे मूळ नावे मिळत नाहीत, काही फाईली तुटक येतात. पण टॅग शाबूत असल्यास नावे पुन्हा लावता येतात.

पुन्हा अशी वेळ येऊ नये म्हणून

एकमेव प्रतीचे काय होते, हे नाशिकने पाहिलेले आहे. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके यांचा जन्म त्र्यंबकेश्वरचा आणि अखेरही १९४४ मध्ये नाशिकमध्येच झाली. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे. परंतु त्यांचे बहुतेक चित्रपट आज पाहायला मिळत नाहीत. याउलट नाशिकमध्येच जन्मलेले गायक द. वि. पलुसकर १९५५ मध्ये अवघ्या ३४व्या वर्षी गेले, तरी त्यांचा आवाज आजही ऐकता येतो. त्यांच्या ध्वनिमुद्रिका अनेक घरांत पोचल्या होत्या. एक फुटली तरी दुसरी कोठेतरी शिल्लक राहत होती. जपणूक वस्तूच्या मजबुतीपेक्षा प्रतींच्या संख्येवर अधिक अवलंबून असते.

त्यामुळे उपसून काढलेला संग्रह पुन्हा एकाच संगणकात ठेवणे म्हणजे तेच संकट पुन्हा ओढवून घेणे. जाणकार यासाठी एक सोपा नियम सांगतात. प्रती तीन असाव्यात, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यातील एक घराबाहेर असावी. नाशिककरांना यातील शेवटच्या अटीचे महत्त्व वेगळे सांगायला नको. २००८, २०१६ आणि २०१९ या वर्षांत गोदावरीला मोठे पूर आले. रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या कोणत्या भागापर्यंत पाणी चढले, यावर शहर पुराची उंची मोजते. नदीकाठच्या घरातील संगणक आणि त्याशेजारच्या कपाटातील बाहेरची डिस्क, दोन्ही एकाच पुरात भिजतात. पंचवटीत राहणाऱ्याने एक प्रत सिडकोतील बहिणीकडे किंवा इंटरनेटवरील साठवणुकीत ठेवली, तर ही भीती राहत नाही.

घरच्या ध्वनिमुद्रणांसाठी आणखी एक पथ्य पाळावे. आवाज कोणाचा, गाव कोणते, साल कोणते आणि काय म्हटले आहे, हे केवळ टॅगमध्ये न ठेवता फाईलच्या नावातच लिहावे. शेजारी एक साधी मजकुराची फाईल ठेवून तीत सारी यादी द्यावी आणि तिची एक छापील प्रतही काढावी. सॉफ्टवेअर बदलते, कंपन्या धोरण बदलतात, यंत्रे बाजारातून जातात. अ‍ॅपलने मे २०२२ मध्ये आयपॉड टचचे उत्पादन थांबवत असल्याचे जाहीर केले आणि आयपॉडचे वीस वर्षांचे पर्व संपले. त्यांच्या जुन्या केबल आणि बॅटऱ्या आज मिळतात. त्या आणखी किती वर्षे मिळतील, याची खात्री कोणी देऊ शकत नाही. कपाटातील आयपॉड अजून सुरू होत असेल आणि त्यात घरच्या कोणाचा आवाज असेल, तर संगणक बंद पडण्याची वाट न पाहता या सुटीतच तो बाहेर काढलेला बरा.